कॅनडाची पोरे आणि निवडीचा वाद

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान येते, ध्यानचंद येतात, ऑलिंपिकची जुनी सुवर्णपदके येतात. पण श्रोतेहो, आज मी ज्या हॉकीविषयी बोलणार आहे ती ही नव्हे. ती बर्फावरची हॉकी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, अंगावर जाड कापडाचे नि कातड्याचे चिलखत, हातात लांब वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी कडक रबराची एक चपटी चकती. तिला 'पक' म्हणतात. एका वेळी एका बाजूचे सहा गडी खेळतात: एक गोलरक्षक, दोघे बचावाचे, तिघे चढाईचे. हे गडी जीव तोडून पाऊण-एक मिनिट धावतात आणि चालत्या खेळातच बाकावर परत येतात, की लगेच दुसरी तिकडी कठड्यावरून उडी मारून बर्फावर उतरते. म्हणजे संघ निवडायचा तो सहा जणांचा नव्हे. चढाईच्या चार तिकड्या, बचावाच्या तीन जोड्या, शिवाय अडीनडीला एक तेरावा चढाईवाला, एखादा जादा बचाववाला, आणि गोलरक्षक. आता हे सगळे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा तंटा यातूनच उभा राहतो.

आपल्याकडे क्रिकेटचा संघ जाहीर झाला की गिरगावापासून कोल्हापुरापर्यंत प्रत्येक चहाच्या टेबलावर एकेक निवड समिती बसते. कॅनडात तसे दर डिसेंबरात होते, आणि होते ते वीस वर्षांखालच्या पोरांच्या संघावरून. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, तरुणांची जागतिक स्पर्धा सुरू व्हायची. त्याआधी पंधरवडाभर देशभरातून निवडक मुले एका शिबिरात गोळा करायची, त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवायचे, आणि मग काहींना घरी पाठवायचे. या घरी पाठवण्याची एक रीत तिकडच्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक आहे. पहाटे हॉटेलच्या खोलीतला टेलिफोन वाजायचा. वाजला की समजावे, आपले नाव गळाले. ज्याचा वाजला नाही तो संघात. सतरा-अठरा वर्षांची दोन पोरे एका खोलीत झोपलेली, आणि अंधारात घंटा वाजते. ती दोघांपैकी कोणासाठी, हे उचलल्याशिवाय कळत नाही. खेळाच्या इतिहासात पराभवाच्या हकिगती पुष्कळ लिहिल्या जातात. या टेलिफोनच्या फारशा लिहिल्या जात नाहीत.

पण हे शिबिर, ही निवड, पूर्वी नव्हतीच मुळी. तीच गोष्ट आधी सांगतो.

या स्पर्धेची सुरुवात निमंत्रितांच्या सामन्यांनी झाली. 1974 साली लेनिनग्राडला, पुढच्या वर्षी विनिपेग नि आसपासच्या शहरांत, आणि 1976 मध्ये फिनलंडला. अधिकृत म्हणावी अशी पहिली स्पर्धा 1977 ची, चेकोस्लोव्हाकियात भरलेली. आता कॅनडा म्हणजे या खेळाचे माहेर. त्याने आपली निवडक पोरे पाठवायला हवी होती की नाही? पण पाठवला तो एक क्लब! देशातल्या ज्युनियर क्लबांच्या झुंजीत जो 'मेमोरियल कप' जिंकेल, बहुधा तोच क्लब, इकडून तिकडून चार-दोन खेळाडू उसने देऊन, परदेशी धाडायचा, अशी रीत पडली. 1977 साली सेंट कॅथरिन्सचा फिनकप्स हा क्लब गेला, 1979 ला न्यू वेस्टमिन्स्टरचा ब्रुइन्स, 1980 ला पीटरबरोचा पीट्स, 1981 ला कॉर्नवॉलचा रॉयल्स.

कारण काय? कारण अगदी घरगुती होते. ऑन्टॅरिओ, क्वेबेक आणि पश्चिम अशा तीन मोठ्या ज्युनियर लीगा, आणि तिन्हींचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत ऐन भरात. क्लबाच्या मालकाचे पोट तिकिटांवर. त्याचा सर्वात लाडका गोल करणारा पोरगा तीन आठवडे परदेशी गेला तर इकडे खुर्च्या रिकाम्या राहणार. तेव्हा प्रत्येकाकडून एकेक मोहरा मागण्यापेक्षा एकाच घरचा सगळा डाव उचलून न्यावा, म्हणजे भांडण नाही. शिवाय युक्तिवादही तयार होता: रोज एकत्र खेळणारी पोरे एकमेकांची चाल ओळखतात, दहा ठिकाणचे दहा वीर एकत्र आणले तर ती नुसती जत्रा होते. आणि हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे म्हणवत नाही. 1977 मध्ये फिनकप्सवाल्यांनी रौप्यपदक आणले, आणि त्यांचा डेल मॅकोर्ट हा स्पर्धेतला उत्तम चढाईवाला ठरला.

पण खोट दुसरीकडे होती. मेमोरियल कप मे महिन्यात जिंकायचा, आणि जागतिक स्पर्धा डिसेंबरात. मधल्या सात महिन्यांत विजेत्या क्लबातली मोठी पोरे वयाने बाहेर पडायची किंवा धंदेवाईक संघांत जायची. म्हणजे ज्या संघाने कप जिंकला तो संघ स्पर्धेला जातच नसे. जाई ते त्याचे नाव आणि त्याचा सदरा. समोर कोण, तर रशियाची पोरे. फेतिसोव्ह, क्रुतोव्ह, लारिओनोव्ह ही पुढे जगभर गाजलेली नावे याच वयोगटातून वर आली. तिथे अख्ख्या देशातून निवड व्हायची, आणि 1977 पासून 1980 पर्यंत चारही सुवर्णपदके त्यांनीच नेली. कॅनडाचा उतार आकड्यांतच पाहा: 1979 ला पाचवा, 1980 ला पाचवा, 1981 ला सातवा. आठ संघांत सातवा! ज्या देशात मूल चालायला लागले की त्याला बर्फावर उभे करतात, त्या देशाचा हा क्रमांक.

मध्ये एक वर्ष मात्र वेगळे गेले होते. 1978 ला स्पर्धा माँट्रियल आणि क्वेबेक येथे, म्हणजे घरच्या अंगणात भरली. तेव्हा लाज राखायची म्हणून निरनिराळ्या क्लबांतून संघ निवडण्यात आला. त्यात एक सोळा वर्षांचा किडकिडीत पोरगा घेतला. सगळ्यांत लहान. आजूबाजूला अठरा-एकोणीस वर्षांचे धष्टपुष्ट गडी. या पोराला एक धक्का लागला तर काय होईल, असे कोणालाही वाटावे. त्या पोराने सहा सामन्यांत सतरा गुण मिळवले (गोल आणि गोलाला हात लावणारा पास, दोन्हींना तिकडे एकेक गुण धरतात), आणि स्पर्धेत सर्वांत वर तोच राहिला. त्याचे नाव वेन ग्रेट्झकी. कॅनडाला पदक मिळाले ते कांस्य. पण निवडून केलेला संघ काय करू शकतो याची एक झलक तेवढ्यात दिसली होती. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा क्लबच धाडला. शहाणपण एकदा दिसले म्हणून लगेच अंगी लागत नाही, हे काही केवळ खेळातच घडत नाही म्हणा.

सातव्या क्रमांकाने मात्र डोळे उघडले. कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेचे अध्यक्ष मरे कॉस्टेलो यांच्या कारकिर्दीत 1981 साली एक नवी योजना आखली गेली. तीन लीगांनी आपली पोरे द्यायची, उन्हाळ्यातच होतकरू मुलांना एकत्र आणून पारखायचे, डिसेंबरात पुन्हा शिबिर भरवायचे, आणि एक खराखुरा राष्ट्रीय संघ उभा करायचा. प्रशिक्षक नेमले डेव्ह किंग. हा माणूस मूळचा विद्यापीठाच्या हॉकीतला, शिस्तीचा, फळ्यावर खडूने चाली काढून दाखवणारा.

आणि इथे निवडीचा पहिला मोठा वाद उभा राहतो. त्या काळचे सर्वांत चमकदार तरुण, म्हणजे डेल हावरचक, रॉन फ्रान्सिस, गोलरक्षक ग्रँट फ्यूर, हे त्याच हंगामात धंदेवाईक नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल झाले होते. ते मिळणे शक्य नव्हते. मग उरलेल्यांतून निवडायचे कसे? लीगमध्ये ज्याचे गोल सर्वांत जास्त त्यांना एकेक करून उचलायचे, की प्रत्येक कामाला योग्य माणूस शोधायचा? किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. एक तिकडी गोल करणारी. एक प्रतिपक्षाच्या उत्तम तिकडीला जखडून ठेवणारी. एक गडी कमी असताना किल्ला लढवणारे दोघे-तिघे वेगळे. या खेळात आगळिकीबद्दल खेळाडूला दोन मिनिटे कठड्याबाहेर बसवतात, तेव्हा पाचांनी सहांशी झुंजायचे असते, आणि ते काम गोल करणाऱ्या राजपुत्रांना बहुधा जमत नाही. आपल्या क्लबात जो पहिल्या तिकडीचा हिरो, त्याला इथे सांगायचे, की बाबा रे, तू गोल करू नकोस, तू फक्त समोरच्याला गोल करू देऊ नकोस. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे पटवणे म्हणजे थोरच काम.

पटले खरे. 26 डिसेंबर 1981 रोजी विनिपेगला त्यांनी रशियाला 7-0 असे हरवले. साताला शून्य, बरं का! तेव्हा अंतिम सामना नसे. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचे आणि गुण मोजायचे. 2 जानेवारी 1982 ला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावी, चेकोस्लोव्हाकियाशी 3-3 अशी बरोबरी झाली आणि तेवढ्यावर कॅनडाला पहिले सुवर्णपदक मिळाले. आता गंमत ऐका. पदक द्यायची वेळ आली तर संयोजकांकडे कॅनडाच्या राष्ट्रगीताची ध्वनिमुद्रिकाच नाही! कोणी ती आणायची तसदीच घेतली नव्हती. मग निळ्या रेषेवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या पोरांनी ते स्वतःच म्हटले, भसाड्या, बेसूर आवाजात. तिकडच्या लोकांना त्या सामन्याचा एकही गोल आठवणार नाही, पण ते गाणे आठवते.

एका वर्षापूर्वी सातवा असलेला देश पहिला आला. देश तोच, बर्फ तोच, पोरांचा पुरवठा तोच. बदलली ती निवडण्याची पद्धत. म्हणून या योजनेचे गुणगान आजवर चालू आहे, आणि ते योग्यच आहे. पण नव्या पद्धतीबरोबर एक नवा प्रश्नही आला. राष्ट्राने बोलावले तर पोराला 'नाही' म्हणता येते का?

हा प्रश्न मारिओ लेम्यूने विचारला. क्वेबेकचा हा फ्रेंचभाषी पोर म्हणजे ग्रेट्झकीनंतरचे सर्वांत मोठे आश्चर्य. 1983 साली लेनिनग्राडच्या स्पर्धेत तो डेव्ह किंग यांच्या हाताखाली खेळला, आणि दोघांचे जमले नाही. किंगची शिस्त, जखडण्याची चाल. आणि हा मुलगा असा, की पक त्याच्या काठीला चिकटली की पुढे काय होईल ते त्यालाच ठाऊक. त्याला बाकावर बराच वेळ काढावा लागला. पुढच्या डिसेंबरात बोलावणे आले तेव्हा त्याने ते नाकारले. लीगने कारवाईचा बडगा उगारला आणि प्रकरण थेट न्यायालयात गेले. अठरा वर्षांचा मुलगा, आणि त्याने राष्ट्रीय संघात खेळायलाच पाहिजे की नको, हे न्यायाधीशांपुढे! लेम्यू गेला नाही. आपल्या लाव्हालच्या क्लबातर्फे त्या हंगामात 70 सामन्यांत त्याने 133 गोल केले आणि एकूण 282 गुण मिळवले. गी लाफ्लरचा 130 गोलांचा जुना विक्रम त्याने हंगामाच्या अखेरच्या सामन्यात सहा गोल ठोकून मोडला. इकडे 1984 च्या स्पर्धेत कॅनडा चौथा आला, पदकच नाही.

तेव्हा पुष्कळांनी त्याला स्वार्थी ठरवले. मला स्वतःला तसे वाटत नाही. ज्या मुलाला तुम्ही घेतले आणि बाकावर बसवले, त्याच्याकडून पुन्हा हक्काने मागणे हे निवड समितीला शोभत नाही. संघाला साजेसे माणूस निवडायचे असे एकदा ठरले, की जो साजत नाही तो कितीही मोठा असला तरी त्याला सोडून द्यायची, आणि मग त्याच्याविना हरायचीही, तयारी पाहिजे. दोन्ही बाजूंनी लाडू खायचे जमत नाही.

आता वयाची गोष्ट. या स्पर्धेला तिकडे एक वाक्प्रचारच पडून गेला आहे, की ही एकोणीस वर्षांच्यांची स्पर्धा. दोन वर्षांत या वयाची पोरे हाडापेराने केवढी बदलतात, ते घरात मुले असलेल्यांना सांगायला नको. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला कॅनडाने घेतल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी: ग्रेट्झकी, लिंड्रॉस, स्पेझा, बोमीस्टर, क्रॉस्बी, मॅकडेव्हिड, आणि 2021 च्या डिसेंबरात कॉनर बेडार्ड. या शेवटच्याने ऑस्ट्रियाविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल केले, आणि दुसऱ्याच दिवशी कोविडच्या साथीमुळे स्पर्धाच रद्द झाली. ती पुढे 2022 च्या ऑगस्टात पुन्हा भरवावी लागली.

वयाचा आणखी एक छुपा फेरा आहे. तो रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने उघड केला, आणि 1985 साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. लेथब्रिजला ज्युनियर सामना पाहायला ते सपत्नीक गेले असताना, त्यांच्या पत्नी कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा चाळत होत्या. पाहतात तो बहुतेक जण जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे! कॅनडात लहान मुलांचे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांत जानेवारीत जन्मलेला डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा, अंगाने भरलेला. निवडणारा म्हणतो, हा चांगला. मग त्याला चांगला शिक्षक, जास्त सराव, जास्त सामने. आणि दहा वर्षांनी तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरातल्या पोराचा टेलिफोन कधीच वाजत नाही, कारण शिबिरापर्यंत तो पोचतच नाही. वर्तमानपत्रांतून बाविसाव्या खेळाडूवर रकानेच्या रकाने भरतात, पण खरी निवड दहा वर्षांपूर्वी कुठल्या तरी गावच्या तळ्यावर होऊन गेलेली असते. ग्रेट्झकी जानेवारीचा. लेम्यू मात्र ऑक्टोबरचा. त्याने हाही नियम पाळला नाही.

पुढचा इतिहास मी झटपट सांगतो. 1993 ते 1997 सलग पाच सुवर्णपदके. त्यातले 1995 चे घरी, रेड डीअर येथे, साती सामने जिंकून. त्या वर्षी धंदेवाईक लीग मालक-खेळाडूंच्या तंट्यात बंद पडली होती, त्यामुळे एरवी न मिळणारी पोरेही हाती आली. आणि लगेच 1998 ला फिनलंडमध्ये आठवा क्रमांक! शेवटच्या लढतीत कझाकस्तानकडून 6-3 अशी हार. त्या संघात लुओंगो आणि लकाव्हलिए होते; पुढे दोघांनीही मोठे नाव काढले. म्हणजे निवडणाऱ्यांची नजर चुकली असे म्हणावे तरी कसे?

मला सर्वांत मोलाची वाटते ती 2005 आणि 2006 या दोन वर्षांची जोडी. त्याआधीच्या, 2004 च्या, अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध बरोबरी चालू असताना गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरीने पक दूर मारायला गेला, ती आपल्याच बचाववाल्याला आपटून आपल्याच जाळ्यात गेली, आणि 4-3 ने सामना गेला. फ्लरीला धंदेवाईक संघाने खास या स्पर्धेसाठी सोडले होते. घेतला तेव्हा सगळे खूश होते. पुढच्या वर्षी पुन्हा लीग बंद. त्या हारलेल्या संघातली बारा मुले परत आली, आणि भर म्हणून बोस्टनसाठी धंदेवाईक हंगाम खेळून प्रौढांचे जागतिक सुवर्णपदकही मिळवलेला पॅट्रिस बर्जरॉन. त्याच्या एका बाजूला सतरा वर्षांचा सिडनी क्रॉस्बी, दुसऱ्या बाजूला कोरी पेरी. सहाच्या सहा सामने जिंकले. अंतिम सामन्यात ओव्हेच्किन आणि माल्किनच्या रशियाला 6-1. असा तरुण संघ पुन्हा झाला नाही, असे तिकडचे लोक आजही म्हणतात.

पुढच्या वर्षी तोच प्रशिक्षक, ब्रेंट सटर. पण परत आलेला खेळाडू एकच, कॅम बार्कर. क्रॉस्बी वयात बसत होता, पण धंदेवाईक लीगमध्ये गेला होता. सटरनी सरळ कष्टाळू पोरे उचलली, जखडण्याची चाल शिकवली, आणि व्हँकूव्हरला अंतिम सामन्यात रशियाला 5-0 हरवले. गोलरक्षक जस्टिन पॉगीने स्पर्धेतले तीन सामने एकही गोल न देता काढले. पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये त्याच्या वाट्याला अवघे सात सामने आले. दोन आठवडे त्याचे होते, आणि निवडणाऱ्यांना नेमके ते दोनच आठवडे हवे होते.

या दुसऱ्या यशाने निवडणाऱ्यांना थोडे बिघडवलेही असावे. तारे नसले तरी चालते, हे एकदा कळले की तारे हाताशी असतानाही दुसरे काही शोधण्याचा मोह होतो. ऑटावाला भरलेल्या 2025 च्या स्पर्धेची कथा अशीच. प्रशिक्षक डेव्ह कॅमेरन. यांनीच 2022 च्या ऑगस्टात सुवर्णपदक मिळवून दिले होते. त्या हंगामात ज्युनियर लीगमध्ये गोलांचा पाऊस पाडणाऱ्या काही पोरांना वगळून जड, कष्टाळू गडी घेतले गेले. स्पर्धा सुरू होण्याआधीच त्यावरून रान उठले. झाले काय, तर लाटव्हियाकडून हार, अमेरिकेकडून हार, आणि 2 जानेवारीला उपांत्यपूर्व फेरीत चेकांकडून 4-3 ने गारद. त्याआधीच्या वर्षी गोथेनबर्गलाही याच चेकांनी याच फेरीत 3-2 ने घरी पाठवले होते. पाच सामन्यांत कॅनडाचे गोल अवघे तेरा.

चौथी तिकडी जखडणारी असावी हे 1982 चे शहाणपण. पण तेव्हा ते शहाणपण होते, कारण हावरचक आणि फ्रान्सिस मिळतच नव्हते. मिळत असलेले घरी ठेवून तीच रीत चालवली तर ती गोष्ट निराळी होते. पुढच्या, 2026 च्या स्पर्धेसाठी कॅनडाने प्रशिक्षक बदलला आणि 2020 साली सुवर्णपदक आणलेल्या डेल हंटर यांना पुन्हा बोलावले. शिबिर पुन्हा डिसेंबरात भरले, आणि तेरावा कोण यावर वाद पुन्हा सुरू झाला.